वाईट बातमी वेळेत पोचायला हवी: गावाकडच्या दवाखान्यातलं नेतृत्व

एमबीबीएस झालं, बॉण्डची, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची, ऑर्डर आली आणि पोस्टिंग मिळालं विदर्भातल्या कोरची, जिवती, झरी-जामणी नाहीतर धारणी तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. वय चोवीस-पंचवीस. पहिल्या दिवशी समोर येतात पंचवीस वर्षं बाळंतपणं केलेल्या सिस्टर, निवृत्तीला आलेले औषध निर्माण अधिकारी, कंत्राटी लॅब टेक्निशियन, वाहनचालक, परिचर मामा आणि महिन्याच्या बैठकीला येणाऱ्या आशाताई. कागदावर हे सगळे तुमच्या हाताखाली. कॉलेजात शरीराचं सगळं शिकवलं, पण एवढ्या माणसांना सोबत घेऊन दवाखाना कसा चालवायचा, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मग जो तो आपल्याला जमेल तसं करतो. कुणी दरारा बसवतो, कुणी सगळ्यांशी गोड राहतो, कुणी ओपीडी काढून खोलीत जाऊन बसतो. या सगळ्यापलीकडे जे शिकता येतं आणि ज्याने रुग्णांचा जीव वाचतो, त्याबद्दल हा लेख आहे. माझ्या मते आरोग्यसेवेत प्रमुखाचं पहिलं काम एकच: वाईट बातमी आपल्यापर्यंत लवकर आणि न बदलता पोचेल अशी व्यवस्था करणं. बाकीचं बरंचसं त्यातून येतं.

असं का, ते केंद्राच्या रचनेतच दिसतं. सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण ३०,००० लोकसंख्या असावी असा निकष आहे, आदिवासी आणि डोंगराळ भागात २०,०००. त्याखाली दर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी भागात दर ३,००० ला. गावात साधारण हजार लोकांमागे एक आशा. वैद्यकीय अधिकारी दुपारपर्यंत ओपीडीत. बाकी जे घडतं ते त्याच्या नजरेआड घडतं. एखाद्या टोल्यावरच्या बाईला कळा सुरू होतात, एखादं लेकरू अंगावर प्यायचं थांबतं, उपकेंद्रातल्या बीपीच्या गोळ्या संपतात. त्याला कळतं तेवढंच, जेवढं कुणीतरी येऊन सांगतं. सांगणाऱ्याने भीतीपोटी अर्धं सांगितलं, तर कितीही हुशार डॉक्टर अर्ध्या माहितीवरच निर्णय घेणार.

फ्रीजच्या वहीतला चार

एक उदाहरण जवळून पाहू, कारण असं खूप ठिकाणी सापडतं. लशी ठेवायचा खास फ्रीज, म्हणजे आयएलआर, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिला पाहिजे, आणि दिवसातून दोनदा तापमान पाहून वहीत लिहायचं असतं. वहीची पानं उलटा. सकाळी ४, संध्याकाळी ४. दुसऱ्या दिवशी ४, ४. एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारखे. वादळाने तार तुटून दिवसभर लाईन नव्हती, त्या दिवशीही ४. आयएलआरच्या आतलं बर्फाचं अस्तर काही तास थंडावा धरून ठेवतं हे खरं. पण दोन महिन्यांत काटा एकदाही ३ वर किंवा ५ वर गेला नाही, असं होत नाही.

ही नुसती कागदाची गोष्ट नाही. पोलिओची आणि गोवर-रुबेलाची लस उष्णतेने खराब होते. पेंटाव्हॅलंट, टीडी, कावीळ-बी या लशी उलट गोठल्या तर निकामी होतात. बाळाला टोचलं जातं, कार्डावर नोंद होते, आई निर्धास्त घरी जाते आणि संरक्षण मिळालेलंच नसतं. हे त्या दिवशी कुणालाच दिसत नाही.

आता वही पाहून साहेब भडकले, चारचौघांत बोलले, कारणे दाखवा नोटीस काढली, असं समजा. पुढच्या महिन्यात वही उघडली की ३, ५, ४, ६ असे छान वेगवेगळे आकडे दिसतील. आकडे सुधारतात, फ्रीज तसाच राहतो.

दुसरा रस्ता वेळ खातो, पण कामाचा आहे. फ्रीजजवळ जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "ताई, थर्मामीटर दाखवा बरं. संध्याकाळी कोण पाहतं?" शांतपणे विचारलं की हळूहळू बाहेर येतं. थर्मामीटरचा पारा तुटलाय, कधीचाच. ज्यांच्या नावावर संध्याकाळची नोंद आहे त्या तालुक्याहून येऊन-जाऊन करतात आणि त्यांची शेवटची एसटी त्याआधीच निघते. रविवारी त्या खोलीची चावीच कुणाकडे नसते. आणि पूर्वी एकदा ९ आला होता, तो लिहिला तर "असं लिहीत नसतात" म्हणून ओरडा बसला होता. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटीच सांगितली जाते.

एवढं कळल्यावर उपाय साधे असतात. जिल्ह्याच्या शीतसाखळी तंत्रज्ञाकडून चांगला थर्मामीटर मागवायचा. संध्याकाळची नोंद बाळंतपणाच्या ड्युटीवर मुक्कामी असलेल्या सिस्टरकडे द्यायची, चावी तिथेच. आणि ज्या दिवशी कुणी पहिल्यांदा ९ लिहील, त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणायचं, "बरं झालं लिहिलंत." मग सगळ्यांनी मिळून पुढचं करायचं: लशी कोल्ड बॉक्समध्ये हलवायच्या, ज्या कुप्यांवर व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) आहे त्यांच्या गोलातल्या चौकोनाचा रंग पाहायचा, वर फोन लावायचा. त्या एका दिवसात केंद्रातल्या सगळ्यांना कळतं की इथं खरा आकडा चालतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांच्या वॉर्डांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. जिथं प्रमुख चांगला, माणसांचं एकमेकांशी जमतं, तिथं चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला: तिथं चुका बोलून दाखवल्या जात होत्या, बाकीकडे दडवल्या जात होत्या. ही गोष्ट आपल्या मासिक अहवालांना जशीच्या तशी लागू पडते. ज्या उपकेंद्राच्या अहवालात वर्षभर काहीच अडचण नाही, तिथं मी आधी जाईन.

मग कुणाला काही बोलायचंच नाही का?

हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो, आणि तो बरोबर आहे. सगळं माफ करणारा प्रमुख रुग्णांसाठी तितकाच घातक. उत्तर असं की चूक कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखायचं.

ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घ्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला ते लागतं, आणि तेही २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. रात्री तीनला, धावपळीत, सिस्टरच्या हातून अँपूल बाहेर राहून गेलं, तर ती नकळत झालेली चूक. दमलेल्या कुठल्याही माणसाकडून होते. तिथं धीर द्यायचा आणि चूक पुन्हा होणार नाही अशी मांडणी बदलायची. पण तीच सिस्टर रोजच अँपूल प्रसूतीच्या टेबलाजवळच्या ट्रेमध्ये ठेवत असेल, तर ती पळवाट आहे. तिचं कारण शोधायचं. बहुधा फ्रीजची खोली रात्री कुलूपबंद असते आणि रक्तस्राव कुलूप उघडण्याची वाट पाहत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्या ट्रेमधल्या औषधाचं काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून प्रसूतिगृहाजवळच थंड साठ्याची सोय करायची आणि त्यानंतर पळवाट चालणार नाही हे स्पष्ट सांगायचं.

तिसरी जात वेगळी: ड्युटीवर पिऊन येणं, बाळंतिणीच्या नातेवाइकांकडून पैसे घेणं, हजेरी लावून निघून जाणं. इथं लेखी कारवाई, तीही लवकर. इथं मऊपणा दाखवला की सगळ्यांत आधी प्रामाणिक माणसं मन काढून घेतात.

हातात काय आहे, काय नाही

रिक्त पदं भरणं हातात नाही. बदल्या जिल्हा परिषदेत ठरतात. एकाच खोलीत एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एक कायम आणि एक कंत्राटी, आणि पगारात मोठी तफावत, हेही तुम्ही बदलू शकत नाही. हे लपवू नये. "हे माझ्या हातात नाही, पण मी लिहून पाठवलंय आणि ही त्याची प्रत" एवढं दाखवलं तरी माणसं समजून घेतात.

जे हातात आहे ते मात्र छोटं दिसतं म्हणून सोडून देऊ नये. ड्युटीचा तक्ता न्यायाने लावणं. दिवाळीची रजा दरवर्षी त्याच माणसाला मिळणार नाही हे पाहणं. क्वार्टरच्या टाकीत पाणी चढतं का, सिस्टरांसाठी वेगळं, कडी लागणारं संडास आहे का, हे पाहणं. रुग्ण कल्याण समितीची बैठक वेळेवर घेऊन त्या निधीतून बल्ब, बॅटरी, गादी अशा गोष्टी अडू न देणं. आशाताईचं तर वेगळंच आहे. ती कर्मचारी नाही, तिला पगार नाही तर मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. तिच्यावर हुकूम चालत नाही, चालवूही नये. पण तिच्या मोबदल्याच्या अर्जावरची सही तुमच्या टेबलावर पंधरा दिवस पडून राहिली, तर त्याचा अर्थ तिला बरोबर कळतो. आपली माहिती साहेबाला हवी आहे, आपली काळजी नाही. ती सही आलेल्या दिवशीच करा.

बैठक

महिन्याची आशा बैठक हे मला केंद्रातलं सगळ्यांत मोलाचं साधन वाटतं, आणि ते बऱ्याच ठिकाणी वाया जातं. साहेब खुर्चीवर, बाया सतरंजीवर, आकड्यांचा तक्ता वाचला जातो, ज्यांचं उद्दिष्ट कमी त्यांना उभं केलं जातं.

"तुमच्या गावात नोंदणी कमी का?"

"सर, बाया माहेरी गेल्या जी."

"पुढच्या वेळी चालणार नाही. बसा."

दोन वाक्यांत एक गाव बंद झालं. माहेरी म्हणजे कुठं, तिथल्या आशेला कळवलं का, की बाई पहिले तीन महिने दिवस गेल्याचं सांगतच नाही, की घर कामाला बाहेरगावी गेलंय, यातलं काहीच कळलं नाही. मेळघाटातली किती कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. ज्याला हे माहीत आहे तो लेकरांची वजनं घ्यायची मोहीम होळीला धरून ठेवेल. ज्याच्यासमोर फक्त तक्ता आहे तो घरं बंद असताना वजनकाटा पाठवेल.

त्याऐवजी बैठकीचा पहिला प्रश्न बदलून पाहा. "या महिन्यात तुम्हाला कोणत्या बाईची, कोणत्या लेकराची काळजी वाटते?" सुरुवातीला शांतता असते. घाई करू नका. मग मागच्या रांगेतून कुणीतरी बोलतं.

"मॅडम, आमच्या गावात एक हाय जी. आठवा लागला. पायावर सूज हाय, डोकं दुखते म्हणते. सासू म्हणते, सगळ्याच बायांले होते."

आठव्या महिन्यातली सूज आणि डोकेदुखी म्हणजे रक्तदाब आजच्या आज पाहायला हवा. पुढे झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांचा जीव धोक्यात येतो. इथं डॉक्टरने काय करायचं? बाईचं नाव स्वतःच्या वहीत लिहायचं, तिथल्या तिथं आरोग्य सेविकेला फोन लावायचा, गरज पडली तर गाडी पाठवायची. आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीची सुरुवात त्या आशाताईला सगळ्यांसमोर निकाल सांगून करायची: बीपी वाढलेला निघाला, जिल्ह्याला पाठवलं, बाळंतपण झालं. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. आपण सांगितलेल्या बातमीचं पुढे काय झालं हे ज्याला कधीच कळत नाही, तो पुढच्या वेळी सांगायचे कष्ट घेत नाही.

चर्चेत प्रमुखाने सगळ्यांत शेवटी बोलावं. तुम्ही आधी मत दिलंत की बाकीचे "हो सर" म्हणून मोकळे. सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाला आधी विचारा. रात्री दवाखान्याचं दार कितीदा ठोठावलं गेलं हे परिचर मामांना माहीत असतं.

उशीर कुठं झाला?

एखादी बाई बाळंतपणात दगावली की शोध सुरू होतो तो माणसाचा: कुणी चुकलं? १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी अशा मृत्यूंकडे पाहायची एक सोपी रीत मांडली. उशीर तीन जागी होतो. दवाखान्यात जायचं हे घरात ठरायला उशीर, ठरल्यावर तिथं पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. प्रश्न "कुणामुळे" वरून "कुठं" वर आला की माणसं बोलू लागतात. मातामृत्यूच्या चौकशीचा उद्देशही पुढचा मृत्यू टाळणं हाच आहे. तिथं सेविकेला आरोपीसारखं उभं केलं, तर पहिल्या दोन उशिरांची माहिती कायमची हरवते.

या रीतीने पाहिलं की नेतृत्वाचं काम आणीबाणीच्या कितीतरी आधी सुरू होतं हे दिसतं. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं आल्या आहेत. पूर येणार हे ठाऊक आहे. कोणती बाई पुरात अडकेल हेही आधी कळू शकतं: शेवटची पाळी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आलेल्या बायांची तारीख जुलै ते सप्टेंबरमध्ये येते. मृग लागायच्या आत ही यादी हातात हवी, नाल्यापलीकडच्या गावांवर खूण केलेली. आदिवासी भागातल्या काही केंद्रांत माहेरघर असतं, तारखेच्या आधी बाईने येऊन राहायची सोय. पण घरात मोठं लेकरू कोण पाहील, नवरा वावरात गेला की बैलं कोण पाहील, हे न विचारता "माहेरघरात या" म्हटलं तर खोली रिकामीच राहते.

कागदाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी यादीचा (चेकलिस्टचा) निकाल २००९ मध्ये आला, तेव्हा जगातल्या ८ रुग्णालयांत मिळून मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. त्या यादीत एक पायरी अशी आहे की सगळ्यांनी आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांत याद्या लागू झाल्या, आणि २०१४ साली छापून आलेल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. का, यावर वाद आहे. मला पटणारं कारण हे की हुकमाने कागद पोचतो, बोलणं पोचत नाही. प्रसूतिगृहातली यादी आधीच टिक करून ठेवलेली दिसली, तर यादीला दोष देण्याआधी तिथं कोण कुणाशी बोलतं ते पाहा.

आपल्याच भागातलं उदाहरण गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत. ३९ गावांतल्या या प्रयोगाचा निकाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला: नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले होते. २०११ पासून अशा गृहभेटी देशभर आशांमार्फत होतात. नेतृत्वाच्या दृष्टीने मला त्यातला विश्वास मोठा वाटतो. कमी शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन द्यायचं तर तिला नीट शिकवावं लागतं, वरचेवर तपासावं लागतं, आणि तिने "बाळ बरोबर दिसत नाही" म्हटलं तर ते ऐकावं लागतं.

तुम्हीही कुणाच्या तरी हाताखाली आहात. जिल्ह्याच्या व्हीसीमध्ये (व्हिडिओवरच्या बैठकीत) आपला आकडा कमी दिसला की मोह तोच होतो, जो फ्रीजच्या वहीत सिस्टरला झाला होता. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना खरं सांगा, पण कामाचं होईल असं. "साधनसामग्री अपुरी आहे" यावर कुणीच काही करू शकत नाही. "लाईन गेल्यावर प्रसूतिगृहाचा इन्व्हर्टर दोन तासांत उतरतो, गेल्या महिन्यात चार बाळंतपणं टॉर्चवर झाली, बॅटरी हवी" यावर करता येतं. तारीख घालून द्या, प्रत ठेवा, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा.

बॉण्डचं वर्ष संपतं, ऑर्डर निघते आणि नवा डॉक्टर येतो, बहुतेक वेळा दोघांची भेटही न होता. म्हणून जायच्या महिनाभर आधी एक साधी वही करा आणि ती सिस्टरांसोबत बसून भरा. कोणत्या गावांना पावसाळ्यात रस्ता नसतो. कोणत्या बायांची तारीख पुढच्या तीन महिन्यांत आहे आणि त्यातल्या कुणाची आधीची बाळंतपणं अवघड होती. कोणती मागणी कुठल्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून अडली आहे. कोणत्या आशाताईचा मोबदला राहिला आहे. आयएलआरचा स्टॅबिलायझर कधी बदलला. वहीची एक प्रत सिस्टरांकडे ठेवा, आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी ती द्यायची जबाबदारीही त्यांच्याच नावावर लिहून जा.